मान्यता : होय

मी : ...आणि म्हणून काचेच्या कॉलेजला पन्नासपैकी सेहेचाळीस! लाल विटांच्या कॉलेजला एकतीस, तळ्याकाठच्याला अठ्ठावीस. ताई, टाळ्या वाजव ना. आठ दिवस खपलेय मी या तक्त्यावर.

ताई : हा आईचा कटिंगचा कागद आहे. मागे कुणाची तरी बाही आखलेली दिसतेय.

मी : बाही कुणाची का असेना, डोकं माझं आहे. लॉ कॉलेज कसं निवडावं हे या घरात सध्या माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. नववीतली आहे म्हणून हसू नका.

ताई : हसत नाहीये. फॉर्म भरलाय मी.

मी : कधी?

ताई : सकाळी. काचेचं कॉलेज पहिलं टाकलं. दुसरं, तिसरं काही टाकलंच नाही. आणि लॉक केला.

मी : लॉक? माझा तक्ता पुरा व्हायच्या आत? मग मी आठ दिवस काय माशा मारत होते?

ताई : तुझंही उत्तर तेच आलं ना? मग झालं तर.

आई : बरं केलंस गं. तिथले सर मला मागेच म्हणाले होते, तुमची मुलगी म्हणजे आमची घरचीच. ओळखीच्या कापडाला कात्री लावायची भीती नसते.

मी : अहो, पण शेवटचा रकाना राहिलाय! तोच तर माझा हुकमाचा एक्का. आई, तुझी मापांची वही दे.

आई : ती कशाला? आणि आधी हात पूस. मशीनला तेल घातलंयस मघाशी.

मी : पुसले. आता ऐका. माहितीपत्रकात काय असतं? आमची इमारत बघा, आमचं वाचनालय बघा, आमची लिफ्ट बघा. पण तिथली किती मुलं खरोखर वकील होतात हे कोण सांगणार? आई सांगणार! वकील झाल्यावर माणूस सगळ्यात आधी कुठे येतो? आपल्या दुकानात, काळा गाऊन शिवायला!

ताई : हे मात्र बरं सुचलं हिला.

मी : बघ, शत्रूनंही कबूल केलं. आई, वहीत तू कॉलेजचं नाव लिहितेस ना वर?

आई : लिहावंच लागतं. निकाल लागला की घोळक्यानं येतात पोरं. नाव नाही लिहिलं तर एकाचा खांदा दुसऱ्याच्या पाठीवर जातो.

मी : मोजते. गेली तीन वर्षं. लाल विटा... बेचाळीस. तळं... सव्वीस. आता काच. अगं बाई! पानंच्या पानं! ताई, दोनशे दहा! दोनशे दहा वकील! तू लॉक केलंस तेच बरं केलंस, मी माफ केलं तुला.

आई : ते नको मोजूस. ते पदवीदानाचे झगे. कॉलेजच दरवर्षी सत्तर शिवून घेतं आपल्याकडून. सैल, मोठ्या बाह्यांचे, फोटोपुरते. वकिलाच्या गाऊनला पाठीवर चुण्या असतात, ते काम वेगळं. झग्यापुढे मी 'प' लिहिते आणि वकिलापुढे 'व'.

मी : लाल विटा आणि तळ्यापुढे सगळे 'व'च आहेत. आता काचेचे 'व' मोजते. 'प', 'प', 'प'... हेही 'प'... आई, 'व' कुठल्या पानावर लिहितेस?

आई : त्याच पानावर. नावापुढे.

मी : नाहीये.

ताई : नीट बघ. घाईत 'प'ला 'व' आणि 'व'ला 'प' वाचत असशील.

मी : मला 'व' वाचता येत नाही? घे, तूच वाच!

ताई : ...एकही नाही.

आई : असं कसं होईल? दुसरीकडे शिवत असतील.

मी : दुसरीकडे कुठे? या कोर्टाच्या रस्त्यावर पाठीच्या चुण्या सरळ घालणारी मी एकटीच उरलेय, असं तूच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतेस.

आई : मग तयार घेत असतील.

ताई : सगळेच्या सगळे? तीन वर्षं?

मी : थांबा, थांबा! सापडला! मागच्या वर्षीचा, एक 'व'! पण यावर लाल पेन्सिलीनं काट मारलीय.

आई : आण इकडे. ...हां. ही आठवते मला. उंच मुलगी. माप देताना खांदे ताठ करून उभी राहिली होती. मी म्हटलं, बाळा, सैल सोड, नाहीतर गाऊन काखेत ओढेल. आठवड्यानं आली आणि म्हणाली, मावशी, शिवू नका. सनद मिळत नाहीये.

ताई : आणि तू विचारलं नाहीस, का मिळत नाही म्हणून?

आई : मला वाटलं, नापास झाली असेल. सनदेचं मला काय कळतंय? मी म्हटलं, पुढच्या खेपेला होशील पास. ती नुसती हसली.

मी : ताई, माझा तक्ता का ओढतेयस?

ताई : सनद म्हणजे वकिलीचा परवाना. ती नसेल तर कोर्टात उभं राहता येत नाही. तुझ्या तक्त्यात मान्यतेचा रकाना आहे का?

मी : आहे की! दहापैकी दहा दिलेत. कॉलेजच्या पानावर ठळक अक्षरांत होतं, 'मान्यता : होय'.

ताई : कुणाची मान्यता?

मी : कुणाची म्हणजे? मान्यता ती मान्यता. 'होय' असं स्पष्ट लिहिलं होतं.

ताई : फोन लाव. वकील परिषदेला. सनद तेच देतात.

मी : मी लावू?

ताई : तक्ता तुझा आहे. तूच विचार.

मी : लावते. ...हॅलो? मला एका कॉलेजबद्दल विचारायचं होतं. हो, विद्यार्थिनीच. म्हणजे, होणारी. ...ते काचेच्या इमारतीचं, हो, तेच. ...बरं. ...विद्यापीठाची आहे. ...आणि तुमची? ...विचाराधीन? किती दिवसांपासून? ...नाही, ऐकू आलं. पण परत सांगता का? ...आणि ज्यांनी पदवी घेतलीय त्यांचं काय? ...बरं. ठेवते. धन्यवाद.

आई : काय म्हणाले?

मी : कॉलेजला विद्यापीठाची मान्यता आहे. पदवी खरी आहे. परिषदेची मान्यता नाही. नुसता अर्ज पडलाय, सहा वर्षं. तोवर तिथून शिकलेल्या कुणालाच सनद नाही.

आई : कुणालाच?

मी : कुणालाच. आई, मी त्याला दहापैकी दहा दिले! लिफ्टला दहा दिले, कँटीनला नऊ दिले, आणि ज्यावर सगळं उभंय तिथे नुसतं 'होय' वाचून पुढे गेले. वर टाळ्या मागत होते!

ताई : तू तीन वर्षं तिथल्या पोरांची मापं घेतेयस आई. दोनशे दहा जणांची. त्यातला एकही फिरून आला नाही, हे तुला एकदाही जाणवलं नाही?

आई : मी मान खाली घालून शिवते गं. मान वर केली की टीप वाकडी जाते.

ताई : मी लहानपणापासून सांगतेय, मला वकील व्हायचंय. दुसरं काही मागितलं का कधी? आणि मी सकाळी एकच नाव टाकून मोकळी झाले. तुझे ते सर म्हणाले म्हणून. घरचीच म्हणे!

आई : मलाही तसंच वाटलं बाळा. आपलं काम नावाजतात, खुर्ची देतात, चहा विचारतात. असा माणूस उसवलेलं कापड गळ्यात मारेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी : भांडण नंतर! वाजले किती? चार वाजून दहा मिनिटं! ताई, आज पाचपर्यंत लॉक एकदा उघडता येतो. नियमावलीच्या अकराव्या पानावर आहे. आख्खी नियमावली वाचणारी या राज्यात मी एकटीच असेन.

ताई : खरंच?

मी : एकदाच. पालकाच्या मोबाइलवर आकडा येतो, तो टाकायचा. तुझा फोन कुठाय आई?

आई : अस्तराखाली असेल बघ. नाही, हा चिंध्यांत सापडला. चार्जिंग आहे थोडं.

मी : ताई, 'बदल करा' दाब. मी नाही दाबणार, आज माझ्यावर माझाच भरवसा नाही.

ताई : दाबलं.

आई : काहीच नाही आलं.

मी : येईल.

आई : अजून नाही... आला! सहा आकडे आहेत. तीस, बावीस... थांब, चष्मा... एकसष्ट.

ताई : उघडलं. ...उघडलं गं!

मी : आता पहिलं लाल विटांचं. परिषदेच्या यादीत आहे का, आधी बघ. नावानं बघ, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस.

ताई : आहे. चौथ्या ओळीत. तळ्याकाठचंही आहे.

मी : लाल विटांना लिफ्ट नाही हं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. पंखे आवाज करतात. मी पंख्यांना दोन दिले होते.

ताई : पंख्यांना सांगेन, हळू बोला म्हणून. पहिलं लाल विटा, दुसरं तळं. लॉक करू?

मी : आई बघू दे एकदा.

आई : मला काय कळतंय त्यातलं?

ताई : तरी बघ.

आई : ...बेचाळीस ना यांचे? कर.

ताई : केलं. चार अडतीस.

मी : बावीस मिनिटं राखून! परीक्षेत नव्हती राखली कधी. आई, तू कुठे चाललीस? आणि हे काळं कापड परत का गुंडाळतेयस? ते यंदाच्या झग्यांचं आहे ना?

आई : आहे. सत्तर झगे. पुढच्या महिन्यात द्यायचेत.

ताई : आई, सरांना आत्ता काही बोलू नकोस. वर्षभराचं सगळ्यात मोठं काम आहे ते.

आई : माहितीय मला.

मी : मग फोन कुणाला लावतेयस?

(आई दुकानाचा पंखा बंद करते. पलीकडून कुणीतरी फोन उचलतं.)

आई : नमस्कार सर. गाऊनवाली बाई बोलतेय. ...हो, कापड आलंय. ...नाही, अजून कात्री लावली नाही. ...नाही नाही, मापाचं काही नाही. एक विचारायचं होतं. हे झगे घालून, फोटो काढून झाले, की ही मुलं पुढे जातात कुठे?