पाटावरची ड्रिल मशीन

जबाब
दिनांक ०६/१०/२०२५, वेळ दुपारी १२.४० वाजता

नाव सौ. मंजुषा देवमन सरोदे, वय ४४ वर्षे, व्यवसाय घरकाम, रा. डाबकी रोड, अकोला.

मी आज कोणी न बोलावता अकोल्याहून एसटीने येऊन बडनेरा पोलीस ठाण्यात हजर झाले आहे व मला माहीत असलेली हकीकत सांगते ती येणेप्रमाणे.

"पूजेतलं हत्यार उचललं त ते मालकाले ओयखत नाही." हे वाक्य माझे वडील खुशालराव यांनी १९९१ सालच्या खंडेनवमीला म्हटले होते. ते अंजनगाव सुर्जी येथे सुतारकाम करीत. त्या दिवशी सकाळी आमच्याकडे सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहून पाटावर ठेवले होते. दुपारी एक बंडीवाला मोडके चाक घेऊन आला. माझा मोठा भाऊ श्याम याने पूजेतले लाकूड तासायचे वाकस उचलले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. वडील त्याच्या हाताला धोतराची पट्टी बांधत होते तेव्हा हे बोलले. मी दहा वर्षांची होते. पट्टीचे दुसरे टोक माझ्या हातात होते. जबाब घेणाऱ्या प्रणाली मॅडमनी विचारले की, बोनेटच्या अपघाताशी याचा काय संबंध. संबंध आहे, म्हणून मी ते आधी लिहून घ्यायला लावले आहे.

माझे पती देवमन सरोदे यांचा व माझा अकोल्यात फायबरच्या कामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक टिनाचे शेड आहे. कूलरच्या टाक्या, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे बंपर व बोनेट आम्ही करतो. फायबरच्या धाग्यांची मॅट कापणे, ती घट्ट करणारे रेझिन कालवणे, थर चढवणे हे काम सोळा वर्षांपासून मी करते. फिटिंग पती करतात. वर व्यवसाय घरकाम असा लिहिला आहे. मी तो दुरुस्त करण्यास सांगितले. पतीच्या जबाबात "माही बायको घरीच रायते, तिले यातलं काही समजत नाही" असे आहे, त्यामुळे तेच राहील, असे मला सांगण्यात आले. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. ते माझ्याबद्दल खोटे बोलल्याचे मला दुसरे कधी आठवत नाही.

ललित, शकुनबाई काळमेघ यांचा मुलगा, वय २७, रा. जठारपेठ, अकोला, हा आमचा गिऱ्हाईक. त्याने जुन्या गाडीसाठी मोबाईलवरून दिल्लीचे फायबरचे बोनेट मागवले होते. ते बसत नव्हते. डावा कोपरा बोटभर वर राहत होता, आणि गाडी सत्तरच्या पुढे गेली की बोनेट मधोमध फडफडत होते. दिनांक १२/०९/२०२५ रोजी त्याने गाडी आमच्याकडे आणली. पतीने बोनेट हाताने दाबून पाहिले व मला म्हणाले, "हे बोनेट नाही व, पापड होय पापड." ललित खूप हसला. तो नेहमी हसतो.

आम्ही बिजागऱ्यांखाली वायसर टाकून कोपरा बसवला. पुढचे रबरी गुटके वर घेतले. खालच्या बाजूला मी प्लास्टिकचा पाईप उभा चिरून आडवा चिकटवला व त्यावर मॅटचे दोन थर दिले. लॉकमध्ये अडकणारी खिट्टी जिथे बसते तिथे आतून लोखंडी पट्टी ठेवून पुन्हा दोन थर दिले. ते थर माझ्या हातचे आहेत. २६ तारखेला पती व मी बोरगाव मंजूपर्यंत गाडी नेऊन आणली. साठपर्यंत बोनेट गप्प होते. ऐंशीला पुन्हा थरथरायला लागले. पती म्हणाले, आता सगळा भार एका खिट्टीवर येतो, पुढून दोन्ही बाजूंना पिना लावल्याशिवाय ही गाडी द्यायची नाही. पिना म्हणजे बोनेटला भोकं पाडून खालून दोन दांडे वर काढतात व वरून कडी लावतात. मग लॉक सुटले तरी बोनेट उठत नाही. अकोल्यात मिळाल्या त्या आखूड होत्या. नागपूरहून बसच्या पार्सलने मागवल्या.

दिनांक ०१/१०/२०२५ रोजी खंडेनवमी होती. सकाळी अकरा वाजता मी पूजा मांडली. पाटावर ड्रिल मशीन, ग्राइंडर, नटबोल्टचे पाने, माझी मॅट कापायची कात्री व ब्रश ठेवले. पिनांचे पार्सल दुपारी साडेचार वाजता आले. पावतीवर वेळ आहे. पाच वाजता ललित आला. दसऱ्याला सकाळी सात वाजता बहिणीला घेऊन अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला जायचे आहे, गाडी आजच पाहिजे, असे तो म्हणाला. पूजा आम्ही दसऱ्याला सकाळी नऊनंतर हलवतो.

त्यानंतर आमच्यात जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहून घ्यावे ही विनंती केली, ती मान्य झाली आहे.

पती म्हणाले, "मंजू, दहा मिनिटाचं काम हाय. दोन छेद पाडतो अन् ठेवून देतो वापस. देवी काय मोजून राह्यली का?"

मी म्हणाले, "देवीचं नाही, मी तुमच्या बोटाईचं म्हणून राह्यली."

पती म्हणाले, "तुया बापानं तुले भेव घालून देलं अन् मले हुंड्यात देलं."

मी म्हणाले, "उचलायची नाही म्हणजे नाही."

ते पाटापर्यंत गेले होते. माझ्याकडे बघून परत आले. मी तेव्हा बोनेटवरून पट्टा बांधून देते म्हणाले, पण नव्या रंगावर चरे पडतील म्हणून ललितने तो नको म्हटले. तो पतीला म्हणाला, "असू द्या ना काकाजी, काहून काकूले तरास देता? काकूच्या हातचं बोनेट हाय, उडालं त मी पायलट झालो समजा." मी त्याला पन्नासच्या वर जायचे नाही असे सांगितले. त्याने डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, स्वतःच्या नव्हे, माझ्या. सत्तावीस वर्षांच्या पोराने पन्नास म्हटले तर किती धरायचे, हे मला समजायला पाहिजे होते. पतीने दोन्ही हातांनी बोनेट ओढून लॉक तपासले व किल्ली दिली. किल्ली द्यायला मी सांगितले.

दिनांक ०२/१०/२०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास बडनेऱ्याच्या अलीकडे बोनेट उघडून काचेवर आदळले, समोरचे दिसेनासे झाले व गाडी दुभाजकावर गेली, असे ललितची बहीण भावना हिने सांगितले आहे. तिचे मनगट मोडले आहे. ललित अजून शुद्धीवर नाही. गाडीचा वेग किती होता याबद्दल मला काही सांगायचे नाही.

मी त्याच दिवशी दवाखान्यात गेले. शकुनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली शहाळ्यांची पिशवी घेतली, थोडा वेळ धरली व परत दिली.

दिनांक ०३/१०/२०२५ रोजी पोलिसांनी पतीला घरून ठाण्यात आणले. "पिना आल्या होत्या, लावायच्या मीच इसरलो," असे त्यांनी लिहून दिले आहे. हे खरे नाही. ते एक वायसरसुद्धा विसरत नाहीत. आज ठाण्याच्या आवारात मी गाडी पाहिली. बोनेटला दसऱ्याची झेंडूची माळ अजून अडकलेली आहे. खिट्टी लॉकमध्ये तशीच पक्की आहे, तिच्याभोवतीचे फायबर फाटले आहे. म्हणजे फिटिंग सुटले नाही. थर फाटले, ते मी दिले होते. पिना असत्या तर थर फाटूनही बोनेट उठले नसते. त्या मी लावू दिल्या नाहीत. त्या वेळी मी पतीच्या हाताचा विचार केला. गाडीत बसणाऱ्यांचा केला नाही.

येथील ठाणेदार साहेबांनी मला विचारले की, नवऱ्याला वाचवायला बाया असेच बोलतात, तुमच्या बोलण्याला साक्षीदार कोण. साक्षीदार ललित आहे. तो तिथे उभा होता, त्याने सगळे ऐकले. तो शुद्धीवर आल्यावर सांगेल. त्याला काही झाले तर कलम वाढेल, असे साहेब म्हणाले. तो शुद्धीवर यावा असे मला वाटते ते नक्की कोणासाठी, हे मी गेले चार दिवस स्वतःला विचारते आहे. हे वाक्य जबाबात लागत नाही असे मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी लिहिले.

पतीला भेटण्याची मी परवानगी मागितली. ती मिळाली नाही. त्यांची रक्तदाबाची गोळी व चष्मा मॅडमकडे दिला आहे.

मॅडमनी हा सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे, व्यवसायाचा रकाना सोडून.

शेवटी एवढेच मागणे आहे. दसरा होऊन चार दिवस झाले तरी आमच्या शेडमधली पूजा मी हलवलेली नाही. ड्रिल मशीन पाटावर आहे. तिच्यावर हळदकुंकू आहे, बटणावर वाहिलेले फूल सुकून चिकटले आहे, आणि शेजारी पिनांचे पाकीट न फोडलेले आहे. त्या दिवशी ती कोणी उचलली नाही व का उचलली नाही, हे तिथे दिसते. साहेबांना मी आत येतानाच हे सांगितले होते. ते म्हणाले, "बाई, हळदीकुंकवाचा पंचनामा होत नसते. फूल त तुमी कालही वाह्यलं असन." तसे कोणीही म्हणू शकते, हे मला समजते. तरी आजच्या आज कोणीतरी माझ्यासोबत अकोल्याला यावे, दोन पंच घ्यावेत, आणि ती ड्रिल मशीन त्यांच्या हाताने पाटावरून उचलावी.