फोनमध्ये ठेवायची वाक्यं

(दुपार. घरातली मधली खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला गादी टेकवून ठेवली आहे. पलंगावर चर्चचे पाळक, समोर स्टुलावर फोन, आणि फोनवर नजर ठेवून त्यांची बायको.)

बायको : पुन्हा म्हणा. 'पाणी दे', एवढंच. समोर समुद्र दुभंगायचा नाहीये.

पाळक : पाणी दे.

बायको : अहो, हे मला म्हणताय की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याला?

पाळक : तुलाच.

बायको : मग मी इथे हातभरावर बसलेय. आता 'तुलाच' म्हणालात ना, अगदी तसं म्हणा.

पाळक : फोन समोर धरला की घसा आपोआप ताठ होतो. जन्मभराची सवय आहे, बाई.

बायको : उद्या घसाच राहणार नाही, तेव्हा सवयीचं काय करायचं ते बघू.

पाळक : तुझ्या जिभेला काही हाड?

बायको : गणित शिकवण्यात जन्म गेला माझा. तिथे गोड बोलून उत्तर येत नाही. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं ना? स्वरयंत्र काढलं की आवाज गेला. श्वाससुद्धा गळ्याला भोक पाडतील त्यातून. आज जेवढं बोलून ठेवाल तेवढंच या फोनमध्ये राहणार. एकेका वाक्याला एकेक बटण. धाकट्या लेकीने तिकडे लांब बसून एवढी खटपट केलीय, आणि तुम्ही सकाळपासून मला उपदेश देताय.

पाळक : उपदेश कुठे दिला? 'दार लाव' म्हणालो.

बायको : ते 'दार लाव' ऐकून मला पापांची क्षमा मागावीशी वाटली. व्यासपीठावरचा माणूस नकोय मला. त्याच्या कॅसेटी पेटीभर पडल्यात. घरातला हवाय. चला, 'दुखतंय.'

पाळक : दुखतंय.

बायको : हं. हे छान आलं.

पाळक : खरंच दुखतंय म्हणून.

बायको : गरम पाणी आणू?

पाळक : नको. बस तू. पुढचं काय?

बायको : 'चष्मा कुठाय?'

पाळक : चष्मा कुठाय?

बायको : हे बटण सगळ्यात आधी झिजणार. 'लाइट घालव.'

पाळक : लाइट घालव.

बायको : आता एक मी घातलंय. हॉस्पिटलच्या कागदावर नव्हतं.

पाळक : कुठलं?

बायको : 'प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.'

पाळक : ते खोड.

बायको : का?

पाळक : खोड म्हणतो ना. पुढचं सांग.

बायको : जेवताना, झोपताना, कुणाच्या घरी गेलो तरी, हे वाक्य म्हटल्याशिवाय तुम्ही उठला नाहीत कधी. उद्यापासून आपल्या घरात हे कोण म्हणणार?

पाळक : तू म्हण.

बायको : मला तुमच्या तोंडून हवंय.

पाळक : माझ्या तोंडून कुठे येणार? फोनच्या तोंडून येणार. बटण दाबलं की वाक्य हजर. त्या दिवशी माझ्या मनात असो नसो. रात्रभर मी छताकडे बघत पडलेला असेन, देवाचं नावही नको वाटत असेल, आणि सकाळी कुणी भेटायला आलं की मी बोट पुढे करणार. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' लोक म्हणतील, बघा कसा विश्वास आहे. अगं, विश्वास कसला? बोट आहे ते.

बायको : बोट तुमचंच असेल ना?

पाळक : आजवर जीभही माझीच होती. खाटेखाटेपाशी जाऊन हेच केलं मी. कुणाचं मूल गेलं, देवाची इच्छा. कुणाचे पाय गेले, देवाची इच्छा. लोकांनी दार उघडून मला आत घ्यायचं आणि मी सुरू व्हायचं. बटणच होतो मी.

बायको : उगाच स्वतःला टोचून घेऊ नका. लोकांना आधार वाटायचा.

पाळक : मला वाटतोय का? सकाळी चर्चच्या वडील मंडळातले ते दोघे येऊन बसले होते. काय म्हणाले? 'पाळकसाहेब, यात देवाची काहीतरी योजना आहे.' मला इतका राग आला की घसा फुटेपर्यंत ओरडावंसं वाटलं. मग म्हटलं, एवढा एकच दिवस उरलाय घसा, त्यांच्यावर कशाला घालवू?

बायको : चहा घेऊन गेले ना? झालं तर. भली माणसं आहेत.

पाळक : भली आहेत. मीच शिकवलंय त्यांना.

बायको : बेल वाजली. थांबा, फोन बंद करते. … या हो, या. अहो, आपली शिवणवाली आलीय, गळपट्टे घेऊन.

शिवणवाली : नमस्कार, पाळकसाहेब. ही खिडकीला गादी कशाला उभी केलीय? युद्धबिद्ध सुरू झालं की काय?

बायको : आवाज भरून ठेवतोय यांचा. मघाशी 'भूक लागली' म्हणाले आणि नेमका खाली कुत्रा भुंकला.

शिवणवाली : ठेवा की तसंच. भूक लागल्यावर माणूस भुंकतोच. हे बघा, बाई, हॉस्पिटलच्या नमुन्यावरून बेतलेत. मऊ कापड घेतलंय, विरळ विणीचं. गळ्यावरच्या भोकातून श्वास जायला हवा आणि धूळ अडायला हवी. दोऱ्या मागे नाही ठेवल्या. यांना मागे हात नेऊन गाठ मारता येणार नाही लवकर, म्हणून बाजूला चिकटपट्टी लावलीय.

बायको : पांढरेच केलेत सगळे?

शिवणवाली : एक निळा आहे. रविवारचा.

पाळक : रविवारी मी कुठे जाणार आता?

शिवणवाली : उपासनेला. बोलता येत नाही म्हणून काय झालं? आम्ही इतकी वर्षं न बोलता बसलोच ना समोर? आता तुम्ही बसून बघा, कंबर कशी मोडते ती.

पाळक : बसा ना तुम्ही. एक विचारायचंय.

शिवणवाली : विचारा. मशीनवर काम टाकून आलेय, पण विचारा.

पाळक : तुमचे यजमान गेले तेव्हा मी आलो होतो.

शिवणवाली : आला होतात. उंच भिंत रंगवत होते, परांची मोडली. त्यांना घरी आणलं तेव्हा कपड्यांवरचा रंगसुद्धा वाळला नव्हता. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, 'देवाची इच्छा, लेकी.'

पाळक : आठवतं तुम्हाला.

शिवणवाली : न आठवायला काय झालं? बरं वाटलं नव्हतं मला. वाईट मानू नका, आज खरं सांगते. मनात म्हटलं, एकदा यांच्या घरात होऊ दे, मग मी जाऊन विचारीन यांना.

बायको : मग आज विचारायला आलीस का गं?

शिवणवाली : नाही हो, बाई. पट्टे द्यायला आले. तो राग केव्हाच जिरला. यांचं ऐकलं तेव्हा हातातली कात्री गळून पडली माझ्या.

पाळक : तरी विचारा. उद्या उत्तर देता येणार नाही.

शिवणवाली : विचारते मग. तुम्ही ते म्हणालात तेव्हा तुम्हाला तरी पटलं होतं का?

पाळक : त्या दिवशी सकाळीच आणखी एक मयत झाली होती. मी जेवलो नव्हतो. तुमचा जिना चढताना मनात एकच होतं, लवकर आटपू दे. वाक्य तोंडात तयारच होतं.

शिवणवाली : वाटलंच होतं.

बायको : अहो, काय गरज होती हे सांगायची?

शिवणवाली : असू दे, बाई. उलट बरं वाटलं. मला वाटायचं, यांना सगळं कळलंय आणि माझ्याच डोक्यात शिरत नाही.

पाळक : मग तुम्ही येत का राहिलात? एकही रविवार चुकवला नाहीत.

शिवणवाली : जाणार कुठे? घरी बसून भिंतीवर रागवू? रागवायलाही समोर कुणीतरी लागतं. पहिल्या बाकावर बसायची आणि सगळे गीत म्हणत असताना मी मनातल्या मनात देवाला शिव्या घालायची. नवऱ्याकडून शिकलेल्या होत्या, चांगल्या ठसठशीत.

पाळक : आणि आता?

शिवणवाली : आता संपल्या.

पाळक : म्हणजे पटलं? मान्य झालं?

शिवणवाली : तसं नाही म्हणत मी. शिव्या संपल्या, एवढंच. येते. बाई, पट्टे साबणाने नका धुऊ, नुसत्या गरम पाण्यात काढा. आणि पाळकसाहेब, भिऊ नका असं काही मी म्हणणार नाही. येते मी.

पाळक : गेली?

बायको : गेली. जिन्यात थांबून डोळे पुसले तिने, मग उतरली.

पाळक : फोन परत सुरू कर.

बायको : थोडं पडा आधी. हॉस्पिटलला न्यायला भाचा गाडी आणेल, त्याला अजून वेळ आहे.

पाळक : पडून काय होणार? पडलं की तेच येतं मनात. अख्ख्या मंडळीने उपास धरला होता गं. म्हातारी माणसं तोंडात पाण्याचा थेंब न घेता गुडघ्यांवर होती. घशातली गाठ विरली. डॉक्टर म्हणाले, विरली. मी उभा राहिलो, साक्ष दिली, उपकारस्तुतीची उपासना केली. लोक रडले. पोरांनी फुलं आणली. आणि फुलं सुकायच्या आत गाठ परत. द्यायचं नव्हतं तर आधीच नाही म्हणायचं. हातावर ठेवून परत का उचललं? एवढी थट्टा तर माणूसही करत नाही.

बायको : मला ठाऊक नाही.

पाळक : आणि घसाच का? मला दुसरं काय येत होतं? खिळा ठोकायला गेलो तर बोट ठेचतो. बाजारात गेलो तर सडकं उचलून आणतो, तूच म्हणतेस. एवढं एक दिलं होतं त्याने, आणि तेही त्याच्याच कामाला लावलं मी. सुताराचे हात काढून घ्यायचे आणि वर त्यालाच म्हणायला लावायचं, तुझी इच्छा. नाही म्हणवत मला.

बायको : प्रभूनेही क्रूसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत आधी मरण नकोच म्हटलं होतं. तुम्हीच सांगता दर वर्षी.

पाळक : पुढे तो हो म्हणाला. मी त्या पहिल्या शब्दाशीच अडकलोय. आणि उद्या भूल देतील. मधली वेळच नाही उरली.

बायको : तुम्हाला वाटतं, मी फार धीराची आहे.

पाळक : आहेसच.

बायको : पहाटे उठून मी गुडघे टेकते ना, तेव्हा मी प्रार्थना करत नसते. हिशेब करते. कुठे चुकलं आपलं? कुणाचं वाईट केलं? पोरीला लांब पाठवली ते चुकलं का? गणित चुकलं की मागे जाऊन चूक सापडते तरी. इथे पुन्हा पुन्हा पहिल्यापासून करते आणि काहीच सापडत नाही. मग उठते आणि तुमचं औषध काढते.

पाळक : कधी बोलली नाहीस.

बायको : पाळकाच्या बायकोने कुणाला सांगायचं? पाळकाला? ते वाक्य मी तुमच्यासाठी नव्हतं घातलं. माझ्यासाठी घातलं होतं. मला ते म्हणता येत नाही. वाटलं, तुमच्या आवाजात घरात असलं तर निदान ऐकत बसता येईल.

पाळक : इकडे ये.

बायको : इथेच आहे.

पाळक : जवळ ये. हे बघ, ते मी खोटं भरून ठेवणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. तू ते रोज ऐकशील आणि रोज तुला कळेल की ते म्हणताना मी दात आवळले होते. तुला कळल्याशिवाय राहायचं नाही.

बायको : नका भरू. खोडलं. हे बघा, खोडलं.

पाळक : त्या जागी दुसरं ठेवू. लाव बटण.

बायको : लावलं. बोला.

पाळक : आज माझ्याने प्रार्थना होत नाही. तू कर.

बायको : एवढंच?

पाळक : एवढंच. आणि ते सगळ्यात वर ठेव, अंधारात बोटाला सापडेल असं.

बायको : ठेवते. पण अहो, त्या दिवशी माझ्यानेही झाली नाही तर?

पाळक : तर शेजारी येऊन बस. तो ऐकत असेल तर त्याला तेवढं पुरे.

बायको : आणि ऐकत नसेल तर?

पाळक : तर आपण दोघं तरी बसलेले असू.