भातामागचे वाल

एकसष्ट-बासष्ट साल असेल. मी धसईला मुरबाडच्या गाडीची वाट बघत होते. मागे दोन जावा बसल्या होत्या. थोरली हौसा लेकीसाठी, सोनीसाठी, स्थळ बघून आली होती आणि धाकटी रंगू तिला खोदून खोदून विचारत होती.

"जमीन कशी हाय गो बाय त्यांची?"

"काळी, चिकण. भात चांगलं होतं म्हणाले."

"भात आपल्या मुरमाडात पण होतं."

"होतं, पण कापलं की जमिनीतली वल पळाली. मग दिवाळी झाली की घर सोडून चला भट्टीवर विटा थापायला. म्हणून मी एकच विचारलं, भातामागं वाल होतात का."

"मग?"

"होतात म्हणाले. जेवायला वालाचीच आमटी वाढली."

"बाजारातून आणले असतील. पाव्हण्यापुढं कोण खरं बोलतंय?"

"माझ्या पण तेच मनात आलं. हात धुवायला उठले ती सरळ गोठ्यात गेले. बैलांपुढं वालाचा भुसा, हा एवढा."

"त्यानं काय झालं?"

"अगो, वाल कुणी पण विकत आणेल. भुसा कोण आणतो?"

"ते खरं. आन् पोरगा कसा हाय?"

"पोरगा होता म्हणतात ओटीवर."

"म्हणतात? तू बगितला नाय?"

"मी गोठ्यातच रमले."

"आता सोनी विचारेल, त्याचं नाक कसं हाय. काय सांगशील?"

"नाक तिचं ती बघेल. मी सांगेन, दिवाळी झाली तरी तुला घर सोडाया लागायचं नाय."