पोत म्हणजे पोतं

...अन् वरून मलेच म्हणते, 'शोकेस आहे का धुळवडीनंतरची मोरी?' आता सांगा! मी मनोहरराव, हुडकेश्वरात उभा जन्म साड्या विकून राहिलो, जांभळा कोणता अन् वांगी कोणता हे डोळे मिटून सांगतो, अन् घरचीच बाई, माझी बायको शामला, माझ्या शोकेसले मोरी म्हणते! तुम्हाले सांगतो, रंगाले नजर लागते, नजर!

झालं काय, समोर काचेचं मोठं दुकान उघडलं. थंडी हवा, भकभक लाईट... गिऱ्हाईक आमच्याकडं पाठ करून सरळ तिकडं! मंग शामलानं निकालच देऊन टाकला, 'या लगनसराईत कोणी पायरी चढलं नाही, तर शोकेस खाली करा. माझा भाऊ तिथं मोबाईलचे कव्हर लावते.' कव्हर! माझ्या रेशमाच्या जागेवर? जीव गेला तरी लावू देणार नाही, हो!

आता आमची सून, मिनल. पोरगी हुशार, दुकान सजवायचा कोर्स केलेली. ती गेली होती मौद्याले, माहेरी. मी लावला फोन. तिची इंग्रजीची गाडी सुरू... 'बाबा, कॉन्ट्रास्ट पाहिजे, टेक्स्चर पाहिजे...' मी म्हटलं, 'थांब वं पोरी! सासऱ्यासमोर इंग्रजी नको झाडू, शुद्ध मराठीत सांग!' बिचारी अडखळली. मंग म्हणे, 'रंग दोनच ठेवा बाबा. अन् मागं पोत दाखवा, पोत! चांगला खरबडीत! रेशीम उठून दिसते.' मी म्हटलं, 'तांदळाचं चालते का?' अन् तेवढ्यात रेंज गेली!

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? गेलो नानाजी किराणावाल्याकडं. 'रिकामे पोते दे गा.' 'काहून? गाव सोडून राहिले का?' 'शोकेसमध्ये लावतो.' तो माझ्या तोंडाकडं पाहे... 'वहिनीले माहीत आहे का?' अरे, तुले काय करायचं! रंगाले नजर लागते, नजर!

आणले, झटकले, अर्धा मोहल्ला शिंकला! खिळे ठोकून अख्खी शोकेस पोत्यानं मढवली. पोपटी काढली, गुलाबी काढली, माझी लाडकी मोरपंखी काढली, काढताना जीव तुटला बरं... ठेवल्या दोनच. एक लाल करवतकाठी, एक हळदीवाणी पिवळी. अन् रस्त्यापलीकडं जाऊन पाहतो तं... अहाहा! त्या राठ तागावर ते रेशीम असं चमकून राहिलं, असं चमकून राहिलं, की डोळ्यात पाणी आलं माझ्या!

पहिलीच बाई आली, म्हणे, 'भाऊ, चिन्नोर तांदूळ कसा दिला?' मी म्हटलं, 'बाई, पोत्याच्या वर पाहा जरा.' तिनं पाहिलं. पाहतच राहिली! तांदूळ राहिला बाजूले, दोन्ही साड्या घेऊन गेली! मंग तिची बहीण आली, बहिणीची नणंद आली... शामला गल्ल्यावर बसून गालातल्या गालात हसे, पण तोंडानं चांगलं म्हणन तं शपथ!

मिनल परत आली. 'बाबा! पोते काहून लावले?' 'तूच तं म्हटलं!' 'अहो, मी कापडाचा पोत म्हटलं! हाताले लागते तो!' 'मंग सरळ फील म्हण ना वं! अख्खा कपडा बाजार फीलच म्हणते!' 'तुम्हीच म्हटलं ना, इंग्रजी नको झाडू!' हसून हसून खालीच बसली पोरगी. मंग तागावर हात फिरवून म्हणे, 'पण बाबा, मले हे सुचलंच नसतं.' ऐकलं? कोर्सवाली म्हणते! रंगाले नजर लागते, नजर! ती कोर्सात नाही भेटत!

कव्हर गेले उडत. शोकेस राहिली. पार जरीपटक्यावरून लग्नघरं येऊन राहिले आता. फक्त काल काय झालं... एक नवरीमुलगी पायरीवर उभी राहून मैत्रिणीले फोनवर पत्ता सांगून राहिली होती. डोक्यावर एवढी मोठी पाटी, 'मनोहर सिल्क पॅलेस', लाईट लागलेली! अन् ही म्हणे, 'अवं, सोपं आहे, कोणालेही विचार... पोतेवाल्या काकाचं दुकान!'

जन्मभर रेशीम विकलं हो... अन् नाव पडलं पोतेवाला!