गणिताच्या बाई राहतील का?

मस्विंगो शहरातल्या बेकरीसमोर पहाटेपासून पावासाठी रांग लागली होती. आयर्लंडहून आलेल्या गणिताच्या ब्रिजिटबाई डोक्याला रुमाल गुंडाळून उभ्या होत्या. पुढे त्यांच्या वर्गातल्या चिपोची आई, म्हणजे सगळ्यांची 'माई चिपो', आणि तिची शेजारीण तिथल्या शोना भाषेत बोलत होत्या. मागे कोण आहे, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"माई चिपो, गणिताच्या गोऱ्या बाई चालल्या म्हणे."

"जाणारच गं. महिन्याच्या पगारात दोन पाव येतात. विज्ञानाचे मास्तर गेलेच की सरहद्दीपार."

"तुझ्या चिपोची परीक्षा नोव्हेंबरात ना?"

"हो. रोज विचारते, आई, बाई राहतील का? काय सांगू तिला?"

"बाईंनाच सांग की, राहा म्हणून."

"कोणत्या तोंडानं? माझ्या पोरीसाठी उपाशी राहा, असं सांगू?"

"तेही खरंच."

"परवा त्यांच्यासाठी वाटीभर शेंगदाणे भाजले. दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हटलं, एवढ्याशा दाण्यांवर बाईंना अडवायला निघालीस होय!"

"मग दाण्यांचं काय केलंस?"

"काय करणार? आम्हीच खाल्ले."

दोघी हसल्या.

ब्रिजिटबाईंनी सरहद्दीपार जाणाऱ्या शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलं होतं. पण आता त्या शोनातच म्हणाल्या, "माई चिपो, चिपोला उद्यापासून शाळेच्या तासभर आधी पाठवा. तिची भूमिती कच्ची आहे."

माई चिपो गर्रकन वळली. "अगं बाई! तुम्ही? पण मग... तुम्ही खाणार काय?"

"तुम्ही काय खाता?"

बेकरीचं दार उघडलं. माई चिपोनं बाईंचा दंड धरला आणि त्यांना रांगेत स्वतःच्या पुढे उभं केलं.