शण म्हणजे ताग, काका!

— नाही काका, शाळेच्या मुलींना मी हॉलमध्ये सोडणार नाही. कडी मीच लावलीय. राहू द्या त्यांना व्हरांड्यात. आणि तुम्ही आधी त्या खुर्चीवरून उठा. बरोबर तड्याखाली बसलायत! काय दाखवायचंय — छत भक्कम आहे हे? पिलाजीराव खाली बसले म्हणून प्लास्टर घाबरून वरच राहणार आहे?

हसू नका. वर बघा — सकाळी केसाएवढा होता, आता बोट जाईल. अहो, छताच्या या प्लास्टरच्या पाट्यांत मी ताग घालायला सांगितला होता, ताग! नुसतं प्लास्टर बिस्किटासारखं — तडा गेला की तुकडा खाली. आत तागाचे धागे असले की तुकडा लोंबतो, पण सुटत नाही. कॉलेजात मी पाटी ओतून हातोड्याने फोडली, तुम्ही समोर उभे होतात — लोंबत राहिली की नाही? राहिली. मग? डाह्याभाई गवंडी गुजरातीत विचारतो, ‘शण लावुं?’ — आणू का, एवढंच विचारतो बिचारा — शण म्हणजे ताग, काका, तीन पिढ्या बडोद्यात काढून एवढं कळू नये? — आणि तुम्हाला ऐकू येतं शेण! वर त्यालाच म्हणता, तू कशाला आणतोस, माझ्या गोठ्यातून पाठवतो. आणि पाठवलंत! टोपल्या भरभरून! त्याला वाटलं, मराठ्यांची काही रीत असेल, कालवलं प्लास्टरमध्ये.

काय? शेणाने सारवलेलं टिकतं? जमीन टिकते हो! जमीन कुठे खाली पडतेय?

‘मला विचारायचं होतंस’ म्हणे. विचारलं नाही? दोनदा विचारलं. ‘तू पुस्तकं बघ, काम मी बघतो.’ कल्पना माझी, साचे माझे, आणि शाळेच्या मथुराबाईंनी काम दिलं तुमच्या नावावर — मुलीच्या हाती छत कोण देतंय! पण हे कोसळलं ना, तर नाव माझं निघेल. म्हणतील, बघा, पोरीला शिकवल्याचं फळ. शेणाचं नाव कुणी काढणार नाही. म्हणून काल तडा दिसला तेव्हा, खरं सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, पडू दे एकदा, रिकाम्या हॉलमध्ये, धाडकन, कळू दे सगळ्यांना पिलाजीरावांना किती —

नाही. तुमच्यावर नाही हो. तुमच्यावर पडावं असं कधी — असं बघू नका माझ्याकडे. उठा ना, काका.

नाही उठत? बरं. सरका थोडे. मीही बसते.

हं! आता कसे उठलात? दंड सोडा, चालता येतं मला. चला दाराकडे. बाईंना मी सांगते, तुमचं नावसुद्धा घेत नाही, नुसतं सांगते की — थांबा. ऐकलंत? भुगा पडतोय. चला, चला — कुठे? पगडी? राहू दे ती खुर्चीवर. राहू दे म्हणते ना! मागे फिरा, काका — काका —