बांधावरच्या कुऱ्हाडी

ऋतुजा: तो धडा बदलणार नाही, हारून. दहादा विचारलंस तरी नाही.

हारून: दोनच ओळी घालायच्या आहेत. 'ऑर्क जन्मतःच दुष्ट असतात. त्यांना मारलं तर पाप लागत नाही.' बाकी तुझे डोंगर, तुझ्या नद्या, तुझी जादू, एका शब्दाला हात लावत नाही मी. पाचला शिवयोगीच्या प्रेसला पुस्तकाची फाईल द्यायचीय.

ऋतुजा: मग कव्हरवरनं माझं नाव काढ आणि दे.

हारून: झालं, फुगली. आत्या, तुमी तरी सांगा की हिला.

केराबाई: मी काय सांगू बाबा. मी डोळं दाखवायला आले सोलापुरात. औषध घातलंय, तुमी दोघं बी धुरकट दिसताय मला. हे ऑर्क कोन म्हनायचं?

ऋतुजा: खेळातले लोक आहेत, आत्या. ह्याच्या दुकानात टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गोष्टीतलं जग सांगतो, बाकीचे त्यात योद्धे होतात, जादूगार होतात. फासे टाकायचे, पुढं काय झालं ते ठरवायचं.

केराबाई: सोंगं घेत्यात मंजी.

ऋतुजा: व्हय, बसून घेतलेली सोंगं. त्यात ऑर्क म्हणजे हिरव्या अंगाचे, सुळेवाले. जिथं जावं तिथं ते नुसते मरायला उभे. मी जे जग लिहिलंय, त्यात ते मेंढरं राखतात. उन्हाळ्यात एका मुलखातनं दुसऱ्या मुलखात जातात.

केराबाई: आपल्यावानी.

ऋतुजा: आपल्यावानीच.

हारून: तिथंच तर घोळ झाला. रविवारी छापायच्या आधी एकदा खेळून बघावं म्हणून आम्ही पाच जण बसलो. ही जग सांगत होती. आम्ही एका गावाजवळ पोचलो, तर शेतात ऑर्कांचा तळ. बांधावर कुऱ्हाडींचा ढीग. मी म्हटलं, एवढी हत्यारं रचून ठेवलीत, म्हणजे गावावर धाड घालायची तयारी. त्यांनी उचलायच्या आत आपणच घुसू. घुसलो. फासे पण लई भारी पडले. चौदाच्या चौदा आडवे.

केराबाई: अरं द्येवा.

हारून: आणि मग हिनं खेळ थांबवला. एकेकाचं नाव वाचून दाखवलं. ही चीक काढून खरवस करत होती, हा लोकर कातरत होता, ह्याचा पाय मोडलेला होता. पोरं वैतागली. दोघं म्हणाली, मजा घालवली, परत येणार नाही.

ऋतुजा: नको येऊ देत.

केराबाई: बांधावर ठिवल्या हुत्या व्हय कुऱ्हाडी?

ऋतुजा: तुमच्याकडनंच ऐकलेलं लिहिलं, आत्या.

केराबाई: आमचा बाप करायचा तसं. कुनाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, तर पैल्या दिशी सगळ्या कुऱ्हाडी बांधावर ठिवायचा. मालकाला दिसल्या पायजेत. तुझ्या रानात आमी मोकळ्या हातानं आलोय, भिऊ नगं, असा त्याचा अर्थ. समदं लोक करत्यात का ते मला ठावं न्हाय. आमचा बाप करायचा.

हारून: मला काय माहीत ते?

ऋतुजा: विचारायचं होतंस. धडा तुझ्याकडं महिनाभर पडून होता. आणि नसता वाचला, तरी तळावर जाऊन एक शब्द विचारला असतास तर मी उत्तर दिलं असतं. पाच जणांतल्या एकानं पण विचारलं नाही. सुळे बघितले आणि फासे उचलले.

हारून: खेळ आहे यार. दिवसभर डोकं पिकवून पोरं येतात. कुणालातरी मारावं वाटतं त्यांना. सगळेच चांगले निघाले तर लढायचं कुणाशी?

ऋतुजा: लढा की. माझे ऑर्क गरीब गाय नाहीत. पाण्यावरनं डोकी फोडतात, सूड धरतात, एकमेकांच्या बायका पळवतात. त्यांच्यात हलकट पण आहेत, नावानिशी लिहिलेत. पण जन्मतः? ते मी लिहिणार नाही. तू दुकानाला जागा शोधत होतास तेव्हा तीन मालकांनी आधी नाव विचारलं आणि मग सांगितलं, जागा गेली. त्या दिवशी माझ्या घराच्या पायरीवर बसून काय म्हणाला होतास?

हारून: ते मध्ये आणू नकोस.

ऋतुजा: आणणार. म्हणालास, माझ्याशी दोन शब्द बोलले असते तरी चाललं असतं. त्यांच्याकडं पण तुझ्या ह्या दोन ओळी आधीच छापून तयार होत्या, हारून. लई राग येतो मला. आत्यांची चूल एका माणसानं लाथेनं उडवली होती, पंपाची केबल चोरीला गेली म्हणून. केबल त्याच्या भावाच्याच घरात सापडली.

केराबाई: जाऊ दे ते. पीठ मातीत गेलं, दुसरं मळलं. मला येक सांग बाबा. ती चौदा मेली, मग मेंढरं कुटं गेली?

हारून: कुठली मेंढरं?

केराबाई: त्यांचीच की. किती हुती?

ऋतुजा: दोनशे.

केराबाई: दोनशे मेंढरं रानात हुबी, आन तुमी काय केलं?

हारून: आम्ही... कुणी बघितलंच नाही तिकडं. आता काय होईल त्यांचं?

केराबाई: पानी कोन दावनार त्यास्नी? मेंढरू परक्याच्या मागं न्हाय जात. ज्येच्या त्येच्या हाकेला येतं. ती हाक ठावं असलेलं कोन ऱ्हायलंय का मागं?

(हारून टेबलावरचे फासे गोळा करून मुठीत धरतो.)

हारून: नाही, आत्या. आम्ही कुणालाच ठेवलं नाही.

केराबाई: मग अवघड हाय.

हारून: ऋतुजा, धडा राहू दे आहे तसा. कव्हरवर नाव पण राहू दे. येत्या रविवारी तिथनंच सुरू करू, त्या मेंढरांपासनं. जे दोघं येणार नाहीत, ते नाही येणार. फक्त एक पान वाढव. ती हाक कशी मारायची, ते लिही.

ऋतुजा: नाही.

हारून: आता काय नाही?

ऋतुजा: हाक छापायची नाही. पुढच्या डोंगराआड त्यांचेच दुसरे तळ आहेत. ज्याला पाहिजे त्यानं तिथं जावं, चौदा जणांचं काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं, आणि शिकवली तर शिकावी.

हारून: माझ्याकडं कुऱ्हाड नाही. तलवार आहे.

केराबाई: तलवार बी चालंल. बांधावर ठिवायची, आन मग यायचं.